चालू प्रोग्रॅममध्ये तयार झालेले ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये कसे मांडावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका माती, पाणी आणि देठ परीक्षण प्रयोगशाळेसाठी आपण सी शार्प या भाषेत सॉफ्टवेअर लिहीत आहात, आणि त्यातली माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या टॅगांच्या आत मूल्ये मांडणाऱ्या मजकूर-स्वरूपात, साठवायची आहे. प्रयोगशाळेतील कर्मचारी पडद्यावरूनच नवी चाचणी जोडू शकतात, त्यामुळे एखाद्या नमुन्याच्या ऑब्जेक्टमध्ये कोणते गुणधर्म असतील हे प्रोग्रॅम लिहिताना ठाऊक नसते. ते प्रोग्रॅम चालू असताना ठरते. आपण एक्सपांडोऑब्जेक्ट (चालू असताना गुणधर्म जोडता येणारा ऑब्जेक्ट) वापरलात, तो एक्सएमएलसिरियलायझरने (ऑब्जेक्टचे एक्सएमएल करणाऱ्या तयार साधनाने) नाकारला. मग डिक्शनरी (नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संग्रह) दिलीत, तीही त्याने नाकारली. अखेर प्रत्येक गुणधर्माच्या नावाचा टॅग स्वतःच लिहायला घेतलात आणि ‘मुक्त चुना’ या नावातल्या मोकळ्या जागेपाशी काम अडले.

निष्कर्ष आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. टॅगची नावे मोजकी असावीत व ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवावीत. वापरणाऱ्याने पुढे कधीतरी निर्माण केलेले नाव टॅगमध्ये जाऊ देऊ नये. ते मूल्य म्हणून जावे, आणि त्या गुणधर्माची ओळख नावावर नव्हे तर कधीही न बदलणाऱ्या संकेतावर उभी असावी. प्रत्येक मूल्याचा प्रकार त्याच्यासोबत लिहावा, मात्र तो आपण स्वतः आखलेल्या छोट्या यादीतलाच असावा. बाणेर-हिंजवडी भागात २२ वर्षे याच स्वरूपाची कामे करताना मी याच्या उलट मार्गानेही गेलो आहे, आणि तो मार्ग का सोडला ते खाली तपशिलात येईल.

सिरियलायझर नकार का देतो हे आधी नीट समजून घ्यायला हवे, कारण त्यातच उपायाची दिशा आहे. एक्सएमएलसिरियलायझर ऑब्जेक्टकडे पाहून काम करत नाही, तो क्लासकडे, म्हणजे ऑब्जेक्टच्या आधीच लिहिलेल्या आराखड्याकडे, पाहून करतो. त्याला क्लास सांगितला, की त्याच्या सार्वजनिक प्रॉपर्टी वाचून तो लिहिण्याची व वाचण्याची सगळी तयारी त्याच वेळी करून ठेवतो. पुढे येणारा प्रत्येक ऑब्जेक्ट त्या तयार साच्यातून जातो. एक्सपांडोऑब्जेक्ट डॉटनेट (सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया) ४ सोबत २०१० मध्ये आला. तो आतून नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संग्रह आहे, त्याच्या क्लासवर वाचता येईल अशी एकही सार्वजनिक प्रॉपर्टी नाही. आपण ‘नमुना.मुक्तचुना’ असे लिहितो तेव्हा ती प्रॉपर्टी असल्याचा भास भाषा निर्माण करते, पण सिरियलायझरच्या दृष्टीने तिथे काहीच नसते. डिक्शनरीचा नकार वेगळ्या जातीचा आहे: आयडिक्शनरी हा इंटरफेस ज्या क्लासवर आहे तो एक्सएमएलसिरियलायझर मुळातच घेत नाही. डेटाकॉन्ट्रॅक्टसिरियलायझर डिक्शनरी घेतो, पण त्यातून ‘ॲरेऑफकीव्हॅल्यूऑफस्ट्रिंगएनीटाइप’ अशा नावाचा टॅग बाहेर पडतो. दोन्ही टोकांना आपलाच प्रोग्रॅम असेल तर ते चालून जाते. परंतु ती फाइल पुढे दुसऱ्या कोणाला वाचायची असेल तर मी ती त्याच्या हातात देणार नाही.

आता मूळ मुद्दा. एखाद्या गुणधर्माचे नाव एक्सएमएलमध्ये दोन ठिकाणी बसू शकते, टॅगमध्ये किंवा मूल्यात. पहिली पद्धत डोळ्यांना अतिशय स्वच्छ दिसते:

<नमुना>
  <सामू>८.१</सामू>
  <मुक्त_चुना>७.५०</मुक्त_चुना>
</नमुना>

देवनागरी टॅग पाहून कोणी दचकू नये. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल १.० ची शिफारस जाहीर झाली तेव्हापासून देवनागरी अक्षरे नावात चालतात. या लेखातील नमुन्यांत अंकही वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फायलीत ते तसे का ठेवू नयेत ते पुढे येईलच.

या पद्धतीची पहिली अडचण आपल्याला भेटलीच आहे. टॅगच्या नावात मोकळी जागा चालत नाही, कंस चालत नाही, टक्क्याचे चिन्ह चालत नाही. महाबळेश्वरकडच्या आम्लधर्मी जांभ्या मातीसाठी प्रयोगशाळेने ‘स्फुरद (ब्रे पद्धत)’ अशी चाचणी जोडली, की ते नाव टॅग होऊच शकत नाही. डॉटनेटमधील एक्सएमएलकन्व्हर्ट नावाच्या क्लासमध्ये अशी नावे सांकेतिक रूपात बदलण्याची सोय आहे. मोकळ्या जागेच्या ठिकाणी अधोरेखा, एक्स, तिचा चार अंकी युनिकोड क्रमांक आणि पुन्हा अधोरेखा असे काहीतरी येते. त्यामुळे फाइल वैध होते, पण टॅग वाचताच कळावा हा या पद्धतीचा एकमेव मोठा फायदाच निघून जातो.

दुसरी अडचण मराठीत काम करणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण इंग्रजी पुस्तकांत ती सापडणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही असाच फॉर्म बनवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. शिवाजीनगरच्या कार्यालयात एकाने ‘शेतकऱ्याचा गट क्रमांक’ असा रकाना जोडला, जुन्नर तालुक्यातील कार्यालयात दुसऱ्याने त्याच नावाचा रकाना जोडला, आणि आम्ही नावापासून टॅग तयार करत होतो. महिन्याअखेरीस एकत्रित अहवाल काढला तर जुन्नरच्या एकाही नोंदीत गट क्रमांक नव्हता. फायली उघडून पाहिल्या तर टॅग दोन्हीकडे होता, स्पेलिंग तेच होते, पडद्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले तरी फरक दिसत नव्हता. दोन दिवसांनी आम्ही एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापून पाहिला. एका ठिकाणी ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र हा ०९३१ या स्वतंत्र अक्षराने लिहिला होता. दुसऱ्या ठिकाणी ‘शेतकर्‍याचा’ यात साधा र म्हणजे ०९३०, मग हलन्त ०९४डी, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह २००डी असा क्रम होता. दोन कीबोर्ड, दोन सवयी, आणि एक्सएमएलच्या दृष्टीने दोन पूर्णपणे वेगळे टॅग. एक्सएमएल नावांची तुलना अक्षराच्या क्रमांकाने करते, दिसण्याने नाही.

युनिकोडचे सामान्यीकरण करून, म्हणजे समतुल्य अक्षरक्रम एकाच रूपात आणून, हे सुटेल असे वाटते, आम्हालाही वाटले होते. ते सुटत नाही. ०९३१ या अक्षराची समतुल्य फोड र अधिक नुक्ता अशी आहे; र, हलन्त आणि जोडचिन्ह या क्रमाशी सामान्यीकरण त्याची सांगड घालत नाही. शिवाय २००डी हे चिन्ह टॅगच्या नावात चालते की नाही हे वाचक प्रोग्रॅम एक्सएमएल १.० ची कोणती आवृत्ती मानतो त्यावर अवलंबून आहे: चौथ्या आवृत्तीपर्यंत ते नावात निषिद्ध होते, २००८ च्या पाचव्या आवृत्तीने ते मोकळे केले, आणि डॉटनेटचा वाचक आजही जुन्या आवृत्तीचे नियम पाळतो. म्हणजे एकच फाइल एका ठिकाणी उघडेल आणि दुसऱ्या ठिकाणी अवैध ठरेल. त्या दिवसानंतर वापरणाऱ्याने टाइप केलेला शब्द मी टॅगमध्ये जाऊ दिलेला नाही.

तिसरी अडचण स्कीमाची, म्हणजे फायलीत कोणते टॅग कसे येतील हे सांगणाऱ्या नियमावलीची. टॅग हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करार असतो. तो करार प्रयोगशाळेतला कर्मचारी मंगळवारी दुपारी पडद्यावरून बदलू शकत असेल, तर वाचणाऱ्याने कोणत्या टॅगची तयारी ठेवायची हे त्याला कधीच सांगता येणार नाही.

म्हणून दुसरी पद्धत. आपल्या उदाहरणात मी ती अशी मांडेन:

<संच आवृत्ती="२">
  <व्याख्या>
    <चाचणी संकेत="चा१०१" नाव="मुक्त चुना" प्रकार="दशांश" एकक="टक्के"/>
    <चाचणी संकेत="चा१०२" नाव="स्फुरद (ब्रे पद्धत)" प्रकार="दशांश" एकक="पीपीएम"/>
    <चाचणी संकेत="चा१०७" नाव="मॉलिब्डेनम" प्रकार="दशांश" एकक="पीपीएम"/>
  </व्याख्या>
  <नमुना क्रमांक="४१७">
    <सामू>८.१</सामू>
    <सेंद्रिय_कर्ब>०.४८</सेंद्रिय_कर्ब>
    <जोडचाचण्या>
      <मूल्य संकेत="चा१०१" प्रकार="दशांश">७.५०</मूल्य>
      <मूल्य संकेत="चा१०७" प्रकार="दशांश" स्थिती="मोजमर्यादेखाली"/>
    </जोडचाचण्या>
  </नमुना>
</संच>

यात सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब यांना स्वतःचे टॅग का दिले, हे विचारणे योग्य ठरेल. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत १२ गुणधर्म ठरलेले आहेत: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. ही यादी कर्मचाऱ्याच्या हातात नाही. जे आधीच ठाऊक आहे ते साध्या क्लासमध्ये, साध्या प्रॉपर्टी म्हणून ठेवावे, आणि खरोखर अनिश्चित असेल तेवढेच गतिमान भागात टाकावे. एका रकान्याची गरज लवचिकतेची आहे म्हणून सगळाच ऑब्जेक्ट डिक्शनरीत ओतण्याची चूक मी अनेक प्रकल्पांत पाहिली आहे. त्यामुळे कंपायलर पकडू शकला असता अशा साध्या चुकाही शेतकऱ्याच्या हातातल्या अहवालापर्यंत पोहोचतात.

संकेत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंक यांपुरता मर्यादित ठेवावा, तो प्रोग्रॅमने द्यावा, वापरणाऱ्याने टाइप करू नये, आणि एकदा दिलेला संकेत चाचणी बंद झाली तरी दुसऱ्या चाचणीला देऊ नये. नाव हे फक्त दाखवण्यासाठी. ते सुधारले, त्याचे शुद्धलेखन बदलले, तरी एकही जुनी नोंद हलत नाही.

प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथेच गुपचूप नुकसान होते. एक्सएमएलमधले प्रत्येक मूल्य शेवटी मजकूर असते. स्थिर क्लास असेल तर वाचताना प्रॉपर्टीवरून प्रकार कळतो. गतिमान ऑब्जेक्टला तो आधार नसतो, म्हणून प्रकार सोबतच पाठवावा लागतो. तो मी व्याख्येत आणि मूल्यावर असा दोन्ही ठिकाणी मुद्दाम लिहिला आहे, कारण एकच नमुना कापून दुसरीकडे पाठवण्याची वेळ येतेच, आणि त्या वेळी व्याख्या मागे राहते. प्रकारांची यादी लहान असू द्यावी: मजकूर, पूर्णांक, दशांश, दिनांक, होय-नाही, यादी, समूह. एवढ्यात प्रयोगशाळेचे सगळे भागते.

या जागी डॉटनेट क्लासचे पूर्ण नाव लिहून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण वाचताना त्या नावावरून थेट ऑब्जेक्ट बनवता येतो. कृपया ते करू नये. फायलीत लिहिलेल्या नावावरून क्लास शोधून त्याचा ऑब्जेक्ट बनवणे म्हणजे फाइल पाठवणाऱ्याला आपल्या सर्व्हरवर काय चालवायचे ते ठरवू देणे होय. डेटासेट हा डॉटनेटमधला जुना व उपयुक्त क्लास नेमके आपलेच काम करतो, चालू असताना बनवलेला तक्ता स्कीमासह एक्सएमएलमध्ये लिहितो. पण त्या स्कीमातून रकान्याच्या प्रकाराचे नाव येते, आणि याच वाटेने घुसखोरी होऊ शकते हे लक्षात आल्यावर जुलै २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टला सुरक्षा दुरुस्ती काढून त्यात कोणते प्रकार चालतील यावर निर्बंध घालावे लागले. आपल्या यादीत सातच शब्द असतील आणि आठवा शब्द आला तर वाचक थांबत असेल, तर हा दरवाजा मुळातच राहत नाही.

दशांश आणि दुहेरी अचूकतेची अपूर्णांक संख्या यांतला फरक प्रयोगशाळेत महत्त्वाचा आहे. ‘७.५०’ यातले शेवटचे शून्य शोभेचे नाही. मोजमाप दोन दशांश स्थळांपर्यंत केले आहे असे ते सांगते. सी शार्पमधला डेसिमल ते शून्य जपतो, डबल ते गमावतो. सेंद्रिय कर्बाची कमी आणि मध्यम यांच्यातली सीमा ०.५० टक्के धरतात. अशा सीमेवरच्या आकड्याला डबलच्या फेऱ्यातून नेणे मला तरी मान्य नाही.

आकडे लिहिताना संगणकाची प्रादेशिक मांडणी कधीही वापरू नये, भाषानिरपेक्ष मांडणीच वापरावी. मराठी मांडणी असलेल्या यंत्रावर सव्वा लाख ही संख्या १,२५,००० अशी लिहिली जाते, आणि स्कीमाच्या दशांश प्रकाराला स्वल्पविराम चालत नाही. त्याला देवनागरी अंकही चालत नाहीत. यात एक सापळा आहे: जावाचा पूर्णांक वाचणारा नेहमीचा फंक्शन ‘१२’ हे देवनागरीतले अंक बिनतक्रार बारा म्हणून वाचतो, डॉटनेटचा वाचत नाही. पाठवणारा डॉटनेट, घेणारा जावा, आणि चाचणी फक्त जावाच्या बाजूने झाली असेल, तर ही चूक परतीच्या प्रवासातच उघडी पडते. दिनांक आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमानेच लिहावा, आणि वेळ असेल तर अधिक ५:३० हा आपला कालभेद सोबत द्यावा.

रिकामेपणाचे तीन अर्थ होतात आणि तिघांची गल्लत होऊ देऊ नये. चाचणी केलीच नाही; चाचणी केली, पण उपकरणाच्या मोजमर्यादेखाली मूल्य आले; शेरा लिहायचा होता, तो रिकामा ठेवला. पहिल्या बाबतीत ‘मूल्य’ हा टॅगच नसावा, वरच्या नमुन्यात ब्रे पद्धतीचा स्फुरद नाही तसा. दुसऱ्यासाठी मी स्थिती हा स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या कंसात लिहिलेली नाव-मूल्य जोडी) दिला आहे. स्कीमाच्या शिफारशीत ‘निल’ हा ठरलेला अ‍ॅट्रिब्यूट आहे, पण तो मूल्य नाही एवढेच सांगतो, का नाही ते सांगत नाही, आणि कृषी सल्ला देणाऱ्याला कारणच हवे असते.

अंमलबजावणीकडे वळू. दोन मार्ग आहेत आणि मी सोपा आधी सुचवेन. ज्या क्लासमध्ये डिक्शनरी आहे तिथे तिच्यावर एक्सएमएलइग्नोर (ही प्रॉपर्टी वगळावी असे सिरियलायझरला सांगणारी खूण) लावावे, आणि शेजारी संकेत, प्रकार, स्थिती व मजकूर एवढ्याच प्रॉपर्टी असलेल्या एका छोट्या क्लासचा ॲरे ही प्रॉपर्टी द्यावी. तिचा गेट (प्रॉपर्टी वाचताना चालणारा कोड) डिक्शनरीतून ॲरे बनवून देतो, सेट (तिच्यात मूल्य घालताना चालणारा कोड) ॲरेतून डिक्शनरी भरतो. इथे ॲरेच हवा, लिस्ट नको, आणि हे मी ठासून सांगतो. लिस्ट प्रकारची प्रॉपर्टी वाचताना एक्सएमएलसिरियलायझर आधी गेट बोलावतो, मिळालेल्या लिस्टमध्ये एकेक घटक घालतो आणि सेटला हात लावत नाही. आपला गेट दर वेळी नवी लिस्ट बनवून देत असेल, तर सगळे घटक त्या तात्पुरत्या लिस्टमध्ये जातात आणि तिथेच नाहीसे होतात. चूक दाखवली जात नाही, फाइल बरोबर असते, लिहिणे बरोबर असते, फक्त वाचल्यावर डिक्शनरी रिकामी असते. ॲरेच्या बाबतीत सिरियलायझरला आकार आधी ठाऊक नसतो, म्हणून तो पूर्ण ॲरे बनवून शेवटी सेट बोलावतो.

दुसरा मार्ग म्हणजे आयएक्सएमएलसिरियलायझेबल हा इंटरफेस. त्यात तीन फंक्शन येतात: स्कीमा देणारा, जो नल परत करतो, लिहिणारा आणि वाचणारा. समूहाच्या आत समूह, यादीच्या आत यादी असे खोल ऑब्जेक्ट असतील तर हाच मार्ग बरा. लिहिणे सोपे असते. वाचणाऱ्या फंक्शनने मात्र स्वतःचा सुरुवातीचा टॅग व शेवटचा टॅग दोन्ही स्वतः ओलांडायचे असतात. ज्या नमुन्यात एकही जोडचाचणी नाही तिथे <जोडचाचण्या/> असा स्वतःतच बंद होणारा टॅग येतो. त्याला शेवटचा टॅग नसतोच. रिकामा टॅग आहे का हे आधी न तपासता शेवटचा टॅग वाचायला गेलो, तर वाचक बाहेरच्या ‘नमुना’चा शेवटचा टॅग गिळतो आणि पुढच्या सगळ्या नोंदी सरकतात किंवा वाचन अर्ध्यात तुटते. चाचणीच्या फायलींत प्रत्येक नमुन्याला काही ना काही जोडचाचणी असते, म्हणून हे प्रत्यक्ष वापरातच दिसते. रिकाम्या भागाची एक फाइल पहिल्या दिवसापासून चाचण्यांत ठेवावी.

तिसरा मार्ग काही जण सुचवतील: प्रोग्रॅम चालू असतानाच नवा क्लास निर्माण करायचा आणि तो सिरियलायझरला जादा प्रकार म्हणून द्यायचा. ते होते, पण एक्सएमएलसिरियलायझर फक्त क्लास, किंवा क्लास आणि नेमस्पेस, एवढे देऊन बनवला तरच त्याने तयार केलेला कोड पुन्हा वापरला जातो. जादा प्रकारांची यादी देऊन बनवला तर दर वेळी नवा कोड मेमरीत चढतो आणि प्रोग्रॅम बंद होईपर्यंत उतरत नाही. ज्या सर्व्हरची मेमरी दिवसभर चढत जाते आणि रोज संध्याकाळी तो बंद करून चालू करावा लागतो, असा एक सर्व्हर मी याच कारणाने आजारी पडलेला पाहिला आहे. ही वाट घ्यायचीच असेल तर बनवलेले सिरियलायझर स्वतः जपून ठेवावेत.

उपकरणांकडून येणाऱ्या मजकुराबाबत एक सूचना. पालाशासाठी फ्लेम फोटोमीटर असेल आणि तो सिरियल पोर्टमधून वाचन पाठवत असेल, तर त्या मजकुराच्या आगेमागे न दिसणारी नियंत्रण अक्षरे येऊ शकतात. टॅब आणि ओळ बदलणारी दोन अक्षरे सोडून ३२ च्या खालचे कोणतेही अक्षर एक्सएमएल १.० मध्ये चालत नाही, सांकेतिक रूपातही चालत नाही. ती अक्षरे मूल्य आत घेतानाच काढावीत. लिहिताना काढायला गेलो तर डेटाबेसमध्ये एक आणि फायलीत दुसरे असे होते. लांब शेरा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये न ठेवता टॅगच्या आत ठेवावा, कारण अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तशीच लिहिलेली नवी ओळ वाचताना साधी मोकळी जागा होते.

एकच शेत दोन नमुन्यांत, एकच शेतकरी पाच नमुन्यांत, असे ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर ते एकदाच लिहून बाकी ठिकाणी त्याचा संकेत द्यावा. एक्सएमएल हे झाड आहे; त्यात वर्तुळ बसत नाही आणि सिरियलायझर वर्तुळ दिसताच थांबतो.

या पद्धतीची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टॅग थोडेच असल्यामुळे स्कीमा लहान होतो, पण तो फारसे पकडतही नाही. ‘प्रकार दशांश असेल तर आतला मजकूर संख्याच हवी’ हा नियम मे २००१ च्या स्कीमा १.० मध्ये लिहिता येत नाही. एप्रिल २०१२ च्या १.१ मध्ये लिहिता येतो, मात्र डॉटनेटचा तपासनीस १.० वरच थांबला आहे. म्हणून ही तपासणी आपल्या कोडमध्ये, वाचल्याबरोबर, व्याख्येशी ताडून करावी लागते. ते काम टाळून ही पद्धत स्वीकारू नये.

आणि टॅगची पद्धत नेहमीच चूक असते असेही नाही. घेणाऱ्याने स्वतःचा स्कीमा दिला असेल तर त्याच्याच टॅगमध्ये द्यावे लागते. त्यासाठी आपल्या आतल्या मांडणीतून त्याच्या मांडणीत नेणारा एक रूपांतराचा टप्पा वेगळा लिहावा. जावाच्या जगात सर्व्हिस डेटा ऑब्जेक्ट्स या तपशिलाने, ज्याची २.१ ही आवृत्ती नोव्हेंबर २००६ मध्ये आली, गतिमान ऑब्जेक्टनाही टॅग दिले, परंतु नीट पाहिले तर तिथे ऑब्जेक्टच्या आधी त्याचा प्रकार बनवला जातो, बहुधा स्कीमा वाचून, आणि मगच ऑब्जेक्ट जन्माला येतो. नाव गतिमान असले तरी करार लेखी असतो. तो करार घेणाऱ्यापर्यंत दर बदलासोबत पोहोचवण्याची यंत्रणा आपल्याकडे असेल तर जरूर टॅग वापरावेत. आपल्या वर्णनावरून ती नाही.

राहता राहिला व्याख्येतील बदल. नाव सुधारायला हरकत नाही, पण एकक किंवा पद्धत बदलायची असेल तर जुनी व्याख्या बंद करून नवा संकेतच द्यावा. चा१०२ चे एकक कोणी पीपीएमऐवजी (दशलक्षात किती भाग) किलो प्रति हेक्टर केले, आणि जुन्या फायली नव्या व्याख्येने वाचल्या गेल्या, तर १० हा आकडा तसाच दिसेल. प्रत्यक्षात १० पीपीएम म्हणजे वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी साधारण २२.४ किलो प्रति हेक्टर. आकडा वैध, प्रकार वैध, स्कीमा समाधानी, आणि खताची शिफारस मात्र सव्वादोनपट चुकलेल्या आधारावर. म्हणून व्याख्येच्या पडद्यावर एकक आणि पद्धत हे दोन रकाने पहिल्यांदा साठवल्यानंतर बदलता येणार नाहीत असे करून टाकावे, आणि तिथेच ‘या चाचणीवरून नवी चाचणी तयार करा’ असे बटण द्यावे.